घरमालकांच्या मोटारीची धाप

आमच्या घरमालकांइतकं मोटारीवर प्रेम करणारं आणि मोटारीविषयी इतक्या ठामपणे चुकीचं सांगणारं माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरं झालं नाही. झालं असतं तर त्या दोघांची गाठ अक्कलकोट रोडवर कुठंतरी नक्की पडली असती. कारण आमचे घरमालक त्या रोडवर जितका वेळ चालत्या गाडीत असत, त्याहून जास्त वेळ थांबलेल्या गाडीजवळ उभे असत, आणि थांबलेल्या माणसाला येणारा-जाणारा प्रत्येकजण भेटतोच.

त्यांना सगळी बाळीवेस पेठ अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पाच म्हणत असे. चाटी गल्लीत त्यांचं चादरींचं आणि घोंगड्यांचं दुकान होतं. चादरी मोजायच्या कानडीत, गिऱ्हाइकाशी बोलायचं मराठीत, मागावरच्या विणकरांशी तेलुगूत आणि रागवायचं पुन्हा कानडीत, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. माझे वडील सांगोल्याकडचे. घरी मेंढरं, आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी वडील वर्षातून एकदा अप्पांच्या दुकानात आणून टाकत. एवढ्याशा ओळखीवर वडिलांनी मला कॉलेजसाठी सोलापुरात आणलं तेव्हा अप्पांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "हे शिकतो म्हनतंय. कुटं ऱ्हायला जागा हाय का बगा." अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वर गच्चीलगतची खोली दिली आणि त्याच दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागले. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. "अप्पा, मी अजून कुठं मास्तर झालोय," असं म्हटलं तर ते म्हणत, "व्हशील की. तुझ्या तोंडावरच फळा लिवलाय." आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पाचवी इयत्ता पाहिली नव्हती. माझ्या तोंडावर काही लिहिलेलं असू शकतं, हे मला सांगणारे अप्पा पहिलेच.

अप्पांना लाखेचं वेड होतं. दुकानातून परगावी जाणारी चादरींची पार्सलं गोणपाटात शिवून त्यांच्या टाक्यांवर लाखेचे ठिपके देत, आणि त्यावर दुकानाच्या नावाचा पितळी ठसा उमटवत. हे काम नोकरांचं, पण अप्पा ते स्वतः करत. मेणबत्तीवर लाख धरायची, ती रडायला लागली की ठिपका सोडायचा, फुंकर घालायची आणि ठसा दाबायचा. या उद्योगात त्यांना इतका आनंद होई की पार्सलं संपली तरी त्यांचा हात थांबत नसे. मग ते घरात येत. लोणच्याच्या बरणीला लाख, रॉकेलच्या डब्याला लाख, औषधाच्या बाटलीच्या बुचाला लाख. एकदा तापात डॉक्टरांनी दिलेलं औषध अप्पांनी असं काही बंद केलं की ते उघडेपर्यंत ताप उतरला. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणत असू. अक्का म्हणायच्या, "मी झोपले की माझ्या तोंडाला लावतील एक दिवस." अप्पा गंभीरपणे सांगत, "जे उघडं ऱ्हातं ते उडून जातं मास्तर. वास जातो, चव जाते, गुण जातो. जगात अर्धं नुकसान झाकण नीट न बसल्यानं होतंय."

आणि मग ती मोटार. कुठल्या तरी विलायती कंपनीची, कुठल्या तरी साहेबाने जाताना विकलेली, आणि मधल्या काळात नावाची पाटीही गळून पडलेली, त्यामुळे ती नक्की कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रंग शेवाळाचा. पेट्रोल किती उरलं हे दाखवणारा काटा कायम मधोमध उभा. तो टाकी भरली तरी तिथंच, संपली तरी तिथंच. अप्पा म्हणत, "समाधानी हाय तो." म्हणून पेट्रोल बघायला त्यांनी एक वेताची काठी ठेवली होती. टाकीचं झाकण फिरवून काढायचं, काठी आत घालायची, बाहेर काढून किती ओली झाली ते बघायचं. गाडी जिथं थांबेल तिथं हा विधी पहिला, मग बाकीचं.

गाडीचा बॉनेट उघडायचा अधिकार जगात फक्त अप्पांना होता. नाक्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री त्यांना पाहिलं की लांबूनच हाक मारत, "अप्पा, एक बार मेरेकू खोल के देखने देव. उसके बाद जो बोलते सो बोलो." अप्पा मान हलवत. "तू खोलशील, मग चार गोष्टी काढशील, मग तीनच बसवशील." त्यांचा विश्वास नाडीपरीक्षेवर होता. बॉनेटवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि निदान करायचं. त्यांच्या मते गाडीला माणसासारखंच पित्त होई, सर्दी होई, आणि उन्हात नेली की डोकं दुखे. एकदा हॉर्न वाजेना तेव्हा त्यांनी सांगितलं की हिचा घसा बसलाय, आणि दोन दिवस तिला सावलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी हॉर्न वाजला. तेव्हापासून हॉर्नच्या बाबतीत अप्पांचं ऐकणं भाग पडलं.

मी कॉलेजात असताना दुष्काळ पडला आणि सरला, आणि त्याच्या पाठोपाठ पेट्रोल महाग झालं. शहरातल्या बऱ्याच मोटारी शेडमध्ये जाऊन बसल्या. अप्पांनी मात्र विचार केला. सोलापूरचं ऊन काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी पाण्याचा तांब्या अंगणात ठेवला तर संध्याकाळी नुसता तांब्या आत आणावा लागतो. अशा उन्हात पेट्रोलचं काय होत असेल? अप्पांनी टाकीचं झाकण हातात घेऊन बारकाईने पाहिलं आणि त्यांना एक टाचणीएवढं भोक दिसलं. "बघितलास मास्तर? भोक ठेवलंय. कंपनीनंच ठेवलंय. पेट्रोल उडावं, गिऱ्हाइकानं परत घ्यावं." दुसऱ्या दिवशी त्या भोकावर लाखेचा ठिपका होता, त्यावर दुकानाचा ठसा होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा कापलेला गोल तुकडा होता. अप्पांनी झाकण फिरवून बसवलं आणि टाकीवर थाप मारली. "आता कुटं जाशील?"

त्यानंतर काही दिवसांनी गाडीला दम लागायला लागला.

घरातून निघताना ठीक असायची. गावातून हळूहळू, टांग्यांच्या मागून, सायकली चुकवत ती शहाण्यासारखी जायची. पण मोकळा रस्ता लागला आणि अप्पांनी पाय दाबला की पुढं झेप घेण्याऐवजी ती दबायची, मान टाकायची. जितका पाय दाबावा तितकी ती मागं सरल्यासारखी व्हायची, दोनचार गचके द्यायची, आणि एखाद्या लिंबाखाली किंवा बाभळीखाली उभी राहायची. अप्पा उतरत. काठी काढत. झाकण फिरवलं की आतून फुस्स असा मोठा आवाज यायचा. अप्पा माझ्याकडे विजयी नजरेनं बघत. "ऐकलास? किती उडायला टपलंय ते. लाख नसती तर आत्तापर्यंत टाकी मोकळी." मग काठीने पेट्रोल बघून झालं की उपचार सुरू.

पहिल्यांदा त्यांनी धोतराचं टोक भिजवून इंजिनाजवळच्या त्या लहानशा पंपावर ठेवलं, जो टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. गाडी सुरू झाली आणि तीर सुटावा तशी पळाली. निदान ठरलं, उष्णता. दुसऱ्यांदा ओलं फडकं ठेवलंच, शिवाय सगळ्यांना डाव्या दारानं उतरवलं. गाडी पळाली. तेव्हापासून डाव्या दारानंच उतरायचं. तिसऱ्यांदा अक्का बरोबर होत्या. त्या कंटाळून म्हणाल्या, "तिला थोडं पाणी दाखवा, नायतर गूळ द्या." अप्पांनी डब्यातला गुळाचा खडा खरोखर बॉनेटवर ठेवला. गाडी पळाली, आणि गूळ पुढच्या वळसंग गावापर्यंत बॉनेटवर टिकला. असे उपचार साठत गेले. एकही उपचार कधी वाया गेला नाही, हीच अडचण होती. जो केला तो लागू पडत होता.

माझ्या गाण्याचंही तसंच झालं. मेंढरांमागं फिरताना वडील आणि चुलते बिरोबाच्या ओव्या म्हणत. त्या माझ्याही तोंडात होत्या, पण कॉलेजात आल्यापासून मी त्या गिळून टाकल्या होत्या. एकदा अक्कलकोटहून परत येताना गाडी थांबली, उपचार झाले, आणि बसल्या बसल्या माझ्या तोंडून नकळत एक ओवी निघाली. गाडी सुरू झाली आणि घरापर्यंत एकदाही दबली नाही. अप्पांनी दारात गाडी उभी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे आधी का न्हाई सांगितलंस? तिला तुजी गानी आवडतात." त्यानंतर मोटारीत बसलो की ओवी म्हणणं माझ्यावर बंधनकारक झालं. हात टेकून, डोळे मिटून, मोठ्यानं. सायकलवरून चाललेली माणसं वळून बघत. मला लाज वाटायची. पण अप्पा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत, आणि घरी गेलं की अक्कांना सांगत, "आज त्यानं लई चांगलं म्हटलं." कॉलेजात ज्याला मी गावंढळपणा समजून लपवत होतो, त्याला अप्पांनी इंजिनाच्या औषधाचा दर्जा दिला होता.

बी.एस्सी. झालो. निकाल घेऊन गावी गेलो तेव्हा वडिलांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि जपून परत दिला. मग म्हणाले, "दिवाळीपत्तुर बग. न्हाय मिळाली नोकरी तर मेंढरं हायतीच की." त्यात रागाचा अंशही नव्हता. चुलते थकले होते, कळपामागं माणूस हवं होतं. पण मी अर्ज करत राहिलो. बऱ्याच ठिकाणी उत्तर आलं नाही, काही ठिकाणी जागा आधीच भरलेली निघाली. दिवाळी अगदी तोंडावर आली आणि दुधनीच्या एका शाळेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. विज्ञान आणि गणिताचा शिक्षक हवा होता. सकाळी अकराची वेळ. यानंतर दुसरं कुठलं बोलावणं यायचं राहिलेलं नव्हतं.

दुधनीला रेल्वे जाते. सकाळच्या गाडीनं बसलं की आरामात पोचता येतं. मी तसं म्हणालो आणि अप्पांचा चेहरा पडला.

"रेल्वेनं? मुलाखतीला?" ते म्हणाले. "अरे, मोटारीतनं उतरलेल्या मानसाला बसायला खुर्ची देतात. रेल्वेतनं आलेल्याला बाकडं."

"अप्पा, वेळेवर पोचलं पाहिजे हो."

"मग मी काय तुला उशिरा पोचवनार हाय?"

आतून अक्का म्हणाल्या, "त्या पोराला सोडा की रेल्वेनं. तुमच्या गाडीला त्याची नोकरी काय ठाऊक?"

"तिला सगळं ठाऊक असतं," अप्पा म्हणाले. ते खोलीबाहेर गेल्यावर अक्का मला हळूच म्हणाल्या, "नको म्हण. मी सांगते त्यांना." मी नको म्हणू शकलो नाही. ज्यांनी मला इतकी वर्षं खोली दिली, त्यांच्या मोटारीवर माझा विश्वास नाही असं त्यांना कसं सांगायचं? मी रात्री इस्त्रीचा शर्ट घडी करून ठेवला, नवा पांढरा हातरुमाल त्यावर ठेवला, आणि बिरोबाचं नाव घेऊन झोपलो.

आम्ही दिवस उगवायच्या सुमारास निघालो. वळसंगच्या अलीकडे गाडीनं पहिल्यांदा मान टाकली. अप्पा शांतपणे उतरले. काठी, फुस्स, ओलं फडकं, डावं दार, गूळ, ओवी. गाडी पळाली. वळसंगच्या पलीकडे पुन्हा. अक्कलकोटच्या आधी पुन्हा. प्रत्येक वेळी विधी पूर्ण होईपर्यंत सूर्य थोडा वर येई. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून अप्पांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. ओव्या म्हणून म्हणून घसा कोरडा पडला होता. अक्कलकोट सोडलं तेव्हा अप्पांचंही बोलणं कमी झालं होतं. मैंदर्गी लांबून दिसायला लागली आणि गाडी एका चढावर थांबली. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, सावलीला एक झाड नाही, रस्त्यावर माणूस नाही.

अप्पांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आज काठी नको. वेळ न्हाई," ते म्हणाले आणि थेट बॉनेटकडे धावले. फडकं ठेवलं. गूळ ठेवला. मी डाव्या दारानं उतरलो, पुन्हा डाव्या दारानं चढलो, आणि बसक्या आवाजात जेवढी येईल तेवढी ओवी म्हटली. गाडी घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा गप्प.

आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं. अप्पा बॉनेटला टेकून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. ते गाडीकडे बघत नव्हते, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुजं नुकसान झालं तर मी तुज्या बाला काय तोंड दाखवू?"

 वडिलांचा कळप माझ्या डोळ्यांपुढे आला होता, आणि त्यामागं चालणारा मी.

अप्पा मग पूजेत काही राहून गेलं की भटजी आठवतात तसे बोटं मोजत पुटपुटायला लागले. "फडकं झालं. दार झालं. गूळ झाला. गानं झालं. मग आज राहिलं काय?" त्यांची बोटं थांबली. "काठी." ते मागं धावले. झाकण फिरवलं, आतून मोठा सुस्कारा आला, काठी टाकीत गेली. "बस आत." गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"काठीच औषध हाय," अप्पा म्हणाले.  "इतके दिवस मी फडक्याला मान देत होतो. खरी गुणी ती काठी."

"मग पुढं पुन्हा दबली तर?" मी विचारलं.

अप्पांनी क्षणभर विचार केला, गाडी चालू ठेवून खाली उतरले, झाकण खिशात टाकलं आणि काठी टाकीतच उभी राहू दिली. तोंड उघडं राहिलं म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. "तुजा रुमाल दे," ते म्हणाले. माझा नवा पांढरा रुमाल त्यांनी काठीभोवती सैल गुंडाळून टाकीच्या तोंडात खोचला. मग आम्ही निघालो. मैंदर्गी गेली. पुढचा रस्ता गेला. अप्पा पाय दाबत होते आणि गाडी ते मागतील तेवढं देत होती. मागं काठी यात्रेतल्या उंच नंदीध्वजासारखी डुलत होती. मी गायचं विसरलो तरी गाडी थांबली नाही, आणि हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आम्ही अकराला थोडा अवकाश असताना शाळेच्या फाटकाशी पोचलो. मी म्हणालो, "अप्पा, आत चला." ते म्हणाले, "नको. मी आत आलो तर लोक म्हनतील कुनाच्या तरी वळखीनं आला. तू आपला एकटा जा." त्यांनी रुमाल काढून, झटकून माझ्या हातात दिला. मी तो घाईत खिशात ठेवला.

आत तिघेजण बसले होते. मी घाम पुसायला रुमाल काढला आणि खोलीभर पेट्रोलचा वास पसरला. मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "मोटारीनं आलात?"

"हो सर," मी म्हणालो. आवाज असा निघाला की मीच दचकलो.

"आवाजाला काय झालं?"

"गाडीत गात होतो सर."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विषयाचे प्रश्न झाले, ते मला येत होते. मग मुख्याध्यापक म्हणाले, "इथली निम्मी पोरं घरी कानडी बोलतात. वर्ग मोठे आहेत, पोरं दंगेखोर आहेत. तुमच्या अशा आवाजानं वर्ग कसा सांभाळाल?"

मी खरं ते सांगितलं. "सर, मी लहानपणी मेंढरं राखलीत. ओरडलं की कळप उधळतो. पुढं एक शहाणं मेंढरू धरायचं आणि आपण मागं हळू चालायचं. मग सगळी येतात."

 मग त्यातले म्हातारे गृहस्थ हसले आणि मुख्याध्यापकांना कानडीत काहीतरी म्हणाले. मला ते कळलं नाही, पण ते वाईट नव्हतं एवढं कळलं. बाहेर आलो तेव्हा अप्पांनी मधल्या सुट्टीतली पोरं गाडीभोवती गोळा केली होती आणि काठीचे गुण सांगत होते. मला बघून त्यांनी नुसती भुवई उंचावली. मी म्हणालो, "कळवतो म्हणालेत."

"खुर्ची दिली का बाकडं?"

"खुर्ची."

"मग झालं."

पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं कळलं. त्या संध्याकाळी अक्कांनी भजी करायला घेतली आणि शेंगतेलाचा नवा डबा अप्पांपुढं ठेवला. अप्पांनी खिळा आणि हातोडी घेऊन डब्याच्या एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेलाची धार थोडी आली, गचकली, थांबली. पुन्हा थेंबथेंब आली, थांबली. अक्का चुलीजवळून म्हणाल्या, "दुसरं पाडा की. वारा गेल्याबिगर तेल येतंय व्हय?" अप्पांनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. आत बारीकसा फुस्स आवाज झाला आणि तेल सरळ धारेनं खाली आलं.

अप्पा डबा तसाच धरून राहिले. पातेलं भरत आलं तरी त्यांनी डबा सरळ केला नाही. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि आमची नजर जुळली. मी बी.एस्सी. होतो, हवेच्या दाबावर पेपर लिहिलेला माणूस, आणि इतके महिने त्या गाडीपुढं ओव्या म्हणत बसलो होतो.  अप्पांनी डबा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "भजी गरम असताना खावीत."

सकाळी उठून गच्चीवरून पाहिलं तर अप्पा गाडीमागं बसले होते. त्यांच्या हातात पार्सलं शिवायचं दाभण होतं. झाकणातला ट्यूबचा गोल तुकडा काढून बाजूला ठेवला होता, आणि झाकणावरच्या लाखेतून, दुकानाच्या ठशाच्या बरोबर मधून, ते जपून एक भोक पाडत होते. ठसा मोडला तेव्हा त्यांनी हळहळून बोटानं तो चाचपला. मी आवाज न करता मागं सरलो. बाहेर मात्र त्यांचा सिद्धांत तोच राहिला. चाटी गल्लीत ते अजून सांगत होते की मास्तरची नोकरी वेताच्या काठीनं वाचवली.

रुजू व्हायच्या दिवशी अप्पांनीच मला सोडलं. ट्रंक, वळकटी आणि पुस्तकं मागच्या सीटवर ठेवली. अक्कांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दशम्या फडक्यात बांधून दिल्या. "वाटेत थांबाल तेव्हा खा," त्या म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

वळसंग आलं. गाडी थांबली नाही. नेहमी थांबायचो ते लिंबाचं झाड आलं, आणि अप्पांचा पाय सवयीनं थोडा सैल झाला, पण गाडी पुढं गेली. अक्कलकोट गेलं. अप्पा म्हणाले, "बगितलास, कशी चालतीय." मी म्हणालो, "हो, छान चालतीय." मग पुष्कळ वेळ आम्ही काही बोललो नाही. आमचं सगळं बोलणं या रस्त्यावर गाडी थांबली की व्हायचं. तिथंच त्यांनी मला त्यांच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, धंदा कसा बुडाला आणि कसा उभा राहिला ते सांगितलं होतं, आणि मी त्यांना आमच्या रानाचं, ओढ्याचं, आईचं सांगितलं होतं. चालत्या गाडीत कसं बोलायचं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मैंदर्गीचा चढ गाडीनं एका दमात काढला. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी लवकर दुधनी आली.

खोलीत सामान ठेवलं. खाण्याचं गाठोडं तसंच होतं, गाठही सुटली नव्हती. "ठेव तुला," अप्पा म्हणाले. "आपल्याला कुटं थांबायलाच मिळालं न्हाई."

"अर्धं घ्या की अप्पा. परत जाताना लागेल."

"परत जाताना कशाला? कुटं थांबनारच न्हाई ती आता." मग जरा थांबून म्हणाले, "हितं पोरं कानडी बोलतात. सकाळी भेटली की विचार, ऊट आतेन? जेवलास का, म्हनून. मग ऐकतील तुजं."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, मग गाडीत बसले. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मी दारात उभा राहिलो. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर अप्पांनी पाय दाबला असावा, कारण आवाज वाढला. मी कान देऊन ऐकत होतो. इतके महिने मी त्या गाडीत बसून ती दबू नये म्हणून देवाला हाक मारली होती. त्या दिवशी मात्र ती गावाबाहेर कुठंतरी दबावी, थांबावी आणि मी गाठोडं घेऊन तिथवर चालत जावं, असं मला फार वाटत होतं. आवाज एकसारखा लांब जात राहिला. तो कुठंही अडखळला नाही.